सातव्या मजल्यावरचा सडा

सडा टाकायलाही हात लागतो, हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. त्यांना वाटतं, पाणी तर टाकायचं, त्यात काय शिकायचं! पण बादलीभर पाण्यात मूठभर शेण कालवून ते हाताने असं उडवायचं की अंगणभर सारखे थेंब पडावेत, कुठे कोरडं राहू नये आणि कुठे डबकं होऊ नये, हे दोन दिवसांत जमणारं काम नाही. हडपसरजवळच्या मांजरी गावच्या गोदाबाईंना ते जमायला एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला होता. लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूने बादली हातात दिली आणि स्वतः उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. नव्या सुनेने अर्धी बादली एका जागी सांडली.

"सडा वतायचा नसतो गं, शिपडायचा असतो," सासू म्हणाली. "वतलेलं पानी आपल्याला पायजे तिकडं जात न्हाई, त्याला पायजे तिकडं जातं."

हे बोलणं गोदाबाई पुढची छत्तीस वर्षं विसरल्या नाहीत. एकदाच विसरल्या, आणि ती गोष्ट सांगायची म्हणून हे सगळं सांगायला बसलो आहे.

कॅनॉलच्या कडेला त्यांचं दोन एकर रान होतं. आजूबाजूला सगळा ऊस; पण गोदाबाईंच्या नवऱ्याला, रंगरावांना, ऊस आवडत नसे. एकदा लावला की वर्षभर त्याच्याकडे बघत बसायचं, यात कसलं शेत करणं, असं ते म्हणत. त्यांच्या रानात मेथी, शेपू, कोथिंबीर, आणि बांधाच्या कडेने दुधी-दोडक्याचे वेल असत. पहाटे उठून गोदाबाई सडा टाकत, दोन म्हशींचं शेण काढत, चूल पेटवून भाकरी थापत, आणि दिवस वर यायच्या आत मेथीच्या जुड्या बांधायला बसत. जुड्या कॅनॉलच्या पाण्यात बुडवून पाटीत रचल्या की हडपसरच्या मंडईपर्यंत पाटी डोक्यावर. परत येऊन धुणं, निंदणी, संध्याकाळचा स्वयंपाक. एवढं करून रात्री अंग टेकताना त्यांना कधी वाटलं नाही की आपण फार काम करतो. सगळ्याच बाया करत होत्या.

रंगराव बोलायला फार कंजूष. दिवसाकाठी त्यांच्या तोंडून जे काही शब्द निघत त्यातले निम्मे आभाळाबद्दल असत. रेडिओवरचा माणूस हवामानाचं काय सांगतो ते नीट ऐकून घ्यायचे, मग स्वतः बाहेर जाऊन थेऊरच्या बाजूला बघायचे आणि "येतंय" किंवा "न्हाई येत" एवढाच निकाल द्यायचे. तो निकाल बहुधा खरा ठरे. गोदाबाई वाळवणाच्या कुरडया त्यांच्या निकालावर आत घेत आणि त्यांच्याच निकालावर बाहेर काढत. नवरा-बायकोचं प्रेम म्हणतात ते त्या घरात असं, कुरडयांच्या येण्याजाण्यात होतं.

आणखी एक रीत त्या घरात होती. वेलाचं पहिलं फळ घरात शिजवायचं नाही, दुसऱ्याच्या घरी नेऊन द्यायचं. कुणाला द्यायचं ते रंगराव ठरवत. कधी शेजाऱ्याला, कधी मास्तरांना, एकदा तर ज्याच्याशी बांधावरून वर्षभर अबोला होता त्या भावकीतल्या माणसाला. "त्याला कशाला?" म्हणून गोदाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यालाच द्यायचं असतं." यापुढे खुलासा नाही.

पुढे सगळं कसं बदललं, याच्या कहाण्या पुण्याच्या चारी अंगांना घरोघरी आहेत, म्हणून इथे लांबण लावत नाही. एकुलता एक मुलगा तेजस कॉम्प्युटर शिकला. नदीपलीकडे खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीत त्याला नोकरी लागली. तिथेच नांदेडकडची भाग्यश्री त्याला भेटली आणि सून होऊन घरात आली. रानाच्या तीन बाजूंनी इमारती आल्यावर चौथ्या बाजूने पाणी येईना, ऊन येईना, आणि एक दिवस रंगरावांनी आभाळाकडे न बघताच "देऊन टाकू" म्हटलं. दोन हजार सहा साली त्याच रानावर उभ्या राहिलेल्या इमारतीत सातव्या मजल्यावर चौघं राहायला गेली. खाली जिथे गाड्या लावायची जागा होती तिथे पूर्वी शेपू होता. गोदाबाई तिथून जाताना जरा बाजूने चालत.

फ्लॅटमध्ये काम उरलं नाही. धुणं मशीन करायचं, भांड्यांना बाई यायची, गॅस काडी न लावता पेटायचा. भाग्यश्री मनाने चांगली. "आई, आता तुम्ही आराम करा," असं ती रोज सांगायची. आराम म्हणजे नेमकं काय करायचं हे मात्र तिलाही सांगता येत नव्हतं. शेवटी रंगरावांनी रंगाच्या रिकाम्या बादल्या आणून त्यात माती भरली आणि गॅलरीत कोथिंबीर लावली. गोदाबाईंनी आपला सडा पुन्हा सुरू केला. फ्लॅटचं दार आणि लिफ्टचं दार यांच्यामध्ये चार-सहा पावलांची फरशी होती. तेच आता अंगण.

शेण गावातला पोपट दूधवाला आणून द्यायचा, दुधाच्या पिशव्यांखाली लपवून. लपवायला कारण होत्या समोरच्या फ्लॅटमधल्या मंदाकिनीबाई. सदाशिव पेठेतल्या शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई मुलाबरोबर इथे राहायला आल्या होत्या, आणि दर गुरुवारी दोन बस बदलून, स्वारगेटमार्गे, जुन्या वाण्याकडून सामान आणायला जात होत्या. सोसायटीच्या सेक्रेटरीपदावर त्या बिनविरोध निवडून आल्या होत्या. विरोध करायची कुणाची छाती नव्हती. सडा दुसऱ्यांदा पाहिल्यावर त्यांनी लिफ्टशेजारी सुवाच्य अक्षरात पाटी लावली : "कॉमन पॅसेजमध्ये पाणी टाकू नये. येथे पीक घेतले जात नाही."

तेजसने पाटी वाचून आईला समजावलं. गोदाबाईंनी तेव्हापासून पाणी कमी केलं, शेण चिमूटभर केलं, आणि मंदाकिनीबाई उठायच्या आत, साडेसहाला, हातानेच चार शिंतोडे उडवायला लागल्या. ते दहा मिनिटांत वाळत. मंदाकिनीबाईंना कळत नव्हतं असं नाही. पण त्या एकदा एवढंच म्हणाल्या, "अहो गोदाबाई, तुमच्या सड्यामुळे लिफ्टला कीड तरी लागत नाही, हे बरं आहे." गोदाबाईंनी ते कौतुक समजून घेतलं.

खाली गेटवर बापूराव असायचे. पंचावन्नचे, दौंडकडचे, मांजरीच्या रेल्वे फाटकाजवळ एका खोलीत बायकोबरोबर राहणारे. वॉचमन म्हणून ठेवलेले, पण टाकी भरणं, मोटर बंद करणं, गच्चीचं दार लावणं हे सगळं त्यांच्याच गळ्यात. अख्ख्या इमारतीत रंगरावांशी बोलणारा हा एकच माणूस. बोलणं म्हणजे तरी काय, रंगराव गॅलरीतून खाली बघून "येतंय" म्हणायचे आणि बापूराव वर बघून "येऊ द्या आप्पा" म्हणायचे.

दोन हजार आठचा मे महिना. अक्षय तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी थेऊरच्या बाजूला आभाळ काळं झालं. रंगराव गॅलरीत उभे होते. त्यांनी खाली वाकून हाक मारली, "बापूराव, गच्चीचं दार लावून घ्या. वळीव येतोय." खालून "लावतो, आप्पा" असं उत्तर आलं. गोदाबाई आत पोळ्या लाटत होत्या. त्यांनी हे दोन्ही कानांनी ऐकलं. अर्ध्या तासात वारं सुटलं. आधी धूळ आली, आजूबाजूच्या बांधकामांवरची लाल, बारीक धूळ, आणि मागून दहा मिनिटं दणकून पाऊस.

सकाळी गोदाबाईंनी दार उघडलं तर पॅसेजच्या जाळीतून आलेली ती सगळी धूळ फरशीवर चिखल होऊन बसली होती. सणाचा दिवस. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, आणि दारात हा राडा. त्यांनी हाताने शिंतोडे मारून पाहिले, चिखल हलेना. मग इकडे तिकडे बघितलं. मंदाकिनीबाईंचं दार बंद होतं. आज सण म्हणून शेणही मूठभर कालवलं होतं. गोदाबाईंनी बादली उचलली आणि फरशीवर ओतली, आणि खराट्याने सपसप पुढे लोटली.

फरशीला उतार होता तो लिफ्टकडे. हिरवट पाणी सरळ लिफ्टच्या दाराखालच्या फटीत शिरलं आणि आत खोल कुठेतरी, विहिरीत ठिबकावं तसं ठिबकायला लागलं. गोदाबाईंनी ते ऐकलं. त्यांना बरंच वाटलं. रानात जादा पाणी बिळात, भेगेत निघून गेलं की बरंच वाटतं. पुढचा चिखल वाचतो. लिफ्टच्या पोटात वायरी असतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. फरशीवर थोडं पाणी राहिलं होतं, ते वाळेल म्हणून सोडून त्या आत आल्या.

रंगराव गॅलरीत बसले होते. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वेलाचं बी लावायचा त्यांचा नेम होता. रंगाच्या बादलीत माती मोकळी करून, अंगठ्याने खड्डा करून त्यांनी दुधीचं बी टोचलं. गोदाबाईंनी तांब्याभर पाणी आणलं.

"शिपड," रंगराव म्हणाले. "वतू नको."

मग त्यांनी हात छातीवर ठेवला, आणि भिंतीला टेकून बसून राहिले. कपाळावर घाम आला. गोदाबाईंनी तेजसला हाक मारली ती अशी की तो झोपेतून उठून अनवाणी धावत आला.

लिफ्ट आली नाही. तेजसने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मूठ आपटली. दुसरी लिफ्ट बिल्डरने अजून सुरूच केली नव्हती, तिच्या दारावर प्लास्टिक होतं. चौथ्या मजल्यावर अडकली आहे, असं खालून कुणीतरी ओरडलं. या बटणं दाबण्यात आणि ओरडण्यात किती वेळ गेला ते नंतर कुणालाच नीट सांगता येईना. बापूराव सात जिने चढून वर आले, धापा टाकत, आणि काही न बोलता रंगरावांसमोर पाठ करून खाली बसले. तेजसने बापाला त्यांच्या पाठीवर दिलं. रंगराव अंगाने दणकट होते. बापूराव एकेक पायरी आडवा पाय टाकत उतरत होते, प्रत्येक वळणावर भिंतीला टेकून श्वास घेत होते, आणि म्हणत होते, "झालं आप्पा. आलंच आप्पा." मागून गोदाबाई. त्यांना नवऱ्याची टाच दिसत होती. टाचेला गॅलरीतली माती लागली होती.

भाग्यश्री घर बंद करून मागून रिक्षाने आली. ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. हडपसरच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर तेजसला म्हणाला, "अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं." असली वाक्यं डॉक्टर बोलून जातात आणि माणसं ती आयुष्यभर उराशी धरून बसतात. त्या पोराला काय ठाऊक, की त्याने हे वाक्य कुणासमोर उच्चारलं.

लिफ्टचा मेकॅनिक दुपारी आला. वरून पाणी उतरलंय, सातव्या मजल्याच्या दाराचे कॉन्टॅक्ट भिजलेत, असं त्याने सांगितलं. सातव्याच्या वर गच्ची. गच्चीचं दार सताड उघडं होतं. आदल्या संध्याकाळच्या वळवाचं पाणी दारातून आत आलं आणि लिफ्टमध्ये शिरलं, हे दोन मिनिटांत ठरून गेलं. बापूराव सांगत राहिले की संध्याकाळी कडी घातली होती, सकाळी सहाला टाकी बघायला आपणच ती काढली. पण काल दार लावा असं ज्याने सांगितलं होतं तो माणूसच आता सांगायला नव्हता. सगळ्यात जास्त चिडला तो तेजस. गेटवर, दहा माणसांत, तो बापूरावांना म्हणाला, "तुमच्या एका कडीपायी माझे आप्पा गेले." तिसऱ्या दिवशी कमिटीने बापूरावांना कामावरून काढलं. मंदाकिनीबाईंनी तशी चिठ्ठी लिहून दिली, आणि सुवाच्य अक्षराच्या त्या बाईचा हात त्या दिवशी बरा चालला नाही, असं म्हणतात.

गोदाबाई कोपऱ्यात कांबळ्यावर बसून होत्या. घरात सगळं बोलणं त्यांच्यासमोरच होत होतं. त्यांना कळत होतं. मेकॅनिकने "पाणी" म्हटलं त्या क्षणालाच कळलं होतं. वळवाचा पाऊस दहा मिनिटांचा, त्यात काय सात मजली इमारत भिजते! जन्मभर पाऊस बघितलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको होतं. पावसावर आळ आला, बापूरावांवर आळ आला, आणि ठिबकण्याचा तो आवाज त्यांच्या एकटीच्या कानात राहिला. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा लोकांना वाटलं, बाईला रडू येतंय, आणि कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला.

खरं बोलायची भीती त्यांना लोकांची नव्हती, तेजसची होती. आप्पा कुणामुळे गेले हे त्याला कळलं, तर तो आईकडे कसा बघेल? नवरा गेला, आता आपण मुलाच्या मनातूनही उतरलो तर सातव्या मजल्यावर कुणासाठी राहायचं? एवढ्या एका विचाराने त्यांची जीभ धरून ठेवली होती. दिवस झाले, तेरावा झाला, पाव्हणे गेले. सडा बंद झाला. मंदाकिनीबाई रोज वाटीभर काहीतरी घेऊन यायच्या आणि न बोलता बसायच्या. एकदा त्यांनी ती पाटी स्वतःच काढून नेली. तेव्हा तर गोदाबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

रंगरावांनी टोचलेलं बी उगवलं होतं. गोदाबाई त्याला पाणी घालत, हाताने, थेंब थेंब. वेल जोमाने चढला, गॅलरीचे गज धरून.

मृग लागून आठेक दिवस झाले होते तेव्हा बापूराव आले. नव्या वॉचमनला विनवून वर आले. लिफ्ट सुरू असूनही जिन्याने आले. घरात गोदाबाई एकट्याच होत्या. बापूराव आत येईनात. उंबऱ्याबाहेर, त्याच फरशीवर, बसले. माणूस निम्मा झाला होता.

"वहिनी, येक सांगायला आलोय," ते म्हणाले. "आप्पांनी सांगितल्यावर म्या वर गेलो व्हतो. कडी घातली व्हती, असं माजं मन म्हनत व्हतं. पन समदी म्हनत्यात उघडं व्हतं. आता मलाच वाटाया लागलंय, न्हाईच घातली. येवडी मान्सं खोटं कशापायी बोलतील? जिन्यानं उतरताना आप्पा माज्या खांद्यावर कन्हत व्हते वहिनी, त्ये जात न्हाई कानातनं. तुमी मला माफ करा."

त्यांनी डोकं फरशीला टेकवलं. गोदाबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. बोलायची वेळ हीच होती आणि ती त्यांना कळत होती. त्यांच्या तोंडून फक्त "उठा, बापूराव" एवढं निघालं. बापूराव उठले आणि जिना उतरून गेले. त्यांची पावलं सातही मजले ऐकू येत राहिली.

त्या दिवसापासून गोदाबाईंचं अन्न गेलं. स्वतःचं दुःख माणूस कसंबसं गिळतो. पण आपलं पाप दुसरा माणूस आपलं म्हणून डोक्यावर घेऊन हिंडतोय आणि वर आपलीच माफी मागतोय, हे कसं गिळायचं? सून विचारायची, "आई, बरं नाही का?" त्या मान हलवायच्या.

आषाढात वेलाला पहिला दुधी धरला. रोज हातभर वाढावा तसा वाढला, कोवळा, लवदार. एका रविवारी सकाळी भाग्यश्री म्हणाली, "आई, आज आप्पांच्या दुधीची भाजी करूया?"

"पयलं फळ घरात करायचं न्हाई," गोदाबाई म्हणाल्या. "द्यायचं असतं."

"मग कुणाला देऊया?"

गोदाबाई गॅलरीतून खाली बघत होत्या. "बापूरावाला," त्या म्हणाल्या. "मला आज न्या तिकडं. तेजसला म्हणावं, तूबी चल. मला एक बोलायचंय, ते दोघांफुडं एकदाच बोलीन. दोनदा न्हाई जमायचं."

भाग्यश्रीने हातातली विळी खाली ठेवली. मग हळूच दार लावून घेतलं, तेजस आत अंघोळीला गेला होता.

"आई, नका सांगू," ती म्हणाली. "मी पुसलं होतं."

गोदाबाई वळल्या.

"त्या दिवशी तुम्ही सगळे खाली गेलात, मी कुलूप लावायला आले, तर दारापासून लिफ्टपर्यंत शेणाचा ओघळ होता. नांदेडला माझी आई पण सडा टाकते. मला बघताक्षणी कळलं. मी फडकं आणलं आणि पुसून काढलं. म्हणून मला दवाखान्यात यायला उशीर झाला. तुम्हाला कुणी बोल लावू नये म्हणून पुसलं. तेजसला सुद्धा सांगितलं नाही. तेव्हा कुठे माहीत होतं की बापूरावांवर येईल? आणि आलं तेव्हा... तेव्हा मला सांगताच आलं नाही."

दोन महिने दोघी एका घरात, एका ओट्यापाशी, हेच एक गुपित एकमेकींपासून लपवत होत्या. गोदाबाईंनी सुनेला जवळ ओढलं. दोघी रडल्या, आणि नळ सोडून ठेवला होता, म्हणून तेजसला ऐकू गेलं नाही.

"तुझी माया मला कळली पोरी," गोदाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पन त्या मानसाचं काय? चल."

रेल्वे फाटकाजवळ पत्र्याच्या चार खोल्या होत्या, त्यातली शेवटची बापूरावांची. पाऊस नुकताच थांबला होता. ते दारात पायरीवर बसून पायजम्याची नाडी ओवत होते. तेजसला बघून गडबडून उभे राहिले. तेजस तोंड फिरवून उभा राहिला. दुधी त्याच्याच हातात होता. तो का आणला हे त्याला समजत नव्हतं. आई म्हणाली म्हणून तो आला होता.

"बापूराव, बसा," गोदाबाई म्हणाल्या. "तेजस, तूबी ऐक. मधी बोलू नको. पानी पावसाचं नव्हतं. सकाळी म्या बादली वतली. खराट्यानं लोटली. समदं पानी लिफ्टच्या फटीत गेलं. म्या आवाज ऐकला. वर शेण व्हतं त्यात, ते भाग्यश्रीनं पुसलं, माज्यासाठी. आप्पांना उशीर झाला तो माज्या हातानं झाला. तुमच्या न्हाई."

बोलून झाल्यावर त्या उभ्याच राहिल्या. आता मुलगा काय म्हणेल, इकडे त्यांचे कान लागले होते. तेजसने आईकडे बघितलं, मग भाग्यश्रीकडे. भाग्यश्रीने मान खाली घातली. मग त्याने बापूरावांकडे बघितलं, आणि गेटवर दहा माणसांत आपण काय बोललो ते त्याला आठवलं असावं. तो तिथेच चिखलात उकिडवा बसला.

रागवायचा हक्क कुणाला असेल तर तो बापूरावांना होता. त्यांचं काम गेलं होतं, नाव गेलं होतं, आणि आज त्यांनी वाटेल ते बोलून घेतलं असतं तरी तिघांनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. गोदाबाई त्याच तयारीने आल्या होत्या. पण बापूराव त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. त्यांनी तो हात हवेत वर नेला आणि आडवा सरकवला, कडी घालताना सरकवतात तसा.

"म्हंजे म्या घातली व्हती," ते म्हणाले.

"सत्यशीला!" त्यांनी खोलीत हाक मारली. पिठाच्या हातांनी त्यांची बायको दारात आली. "आगं ऐकलंस का? कडी म्या घातली व्हती. घातली व्हती म्या." आणि एवढा पंचावन्न वर्षांचा माणूस, आपला हात छातीशी धरून, ओक्साबोक्शी रडायला लागला.

"घातली व्हती, बापूराव," गोदाबाई म्हणाल्या. "आप्पांनी सांगितलं, आणि तुमी घातली. म्या आतनं ऐकलं व्हतं."

तेजस उठला. आईच्या अगदी जवळून तो पुढे गेला, तिच्याकडे न बघता, आणि बापूरावांच्या पायरीवर, त्यांच्या पायांशी बसला. दुधी त्याने त्यांच्या शेजारी ठेवला. मग बऱ्याच वेळाने, मागे न वळता, त्याने हात मागे केला. गोदाबाईंना आधी कळलं नाही. मग त्यांनी तो धरला.